डावरीताईंचा अभिप्राय

डावरीताईंच्या दुकानाला पाटी नव्हती. चार मजली इमारतीच्या जिन्याखाली, जिथे इतर इमारतींत मोडक्या सायकली आणि रंगाचे रिकामे डबे पडलेले असतात, तिथे एक मशीन, इस्त्रीचं टेबल, उभा आरसा आणि एक स्टूल एवढा संसार मांडून त्या एकेचाळीस वर्षं बसल्या होत्या. जिना उतरता, त्यामुळे उंच गिऱ्हाइकाला आत येताना वाकावं लागे. "माझ्याकडे भलेभले मान खाली घालून येतात," असं त्या म्हणायच्या.

नवे कपडे त्या शिवत नसत. लोकांचे असलेले कपडे लोकांना बसते करून देत. पँट आखूड करायची, कोटाची कंबर आत घ्यायची, वाढत्या पोरीच्या फ्रॉकची दुमड सोडायची, गेलेल्या वडिलांचा कोट मुलाच्या खांद्यावर बसवायचा. हे शेवटचं काम आलं की त्या रेडिओ बंद करत.

नाव अर्थातच डाव्या हातावरून पडलेलं. शाळेत बाईंनी पेन्सिल काढून उजव्या हातात दिली, ती तिथेच राहिली. पण कात्री धरायला कुणी शिकवलंच नाही, म्हणून ती आपली आपण डाव्या हातात जाऊन बसली. लिहायला उजव्या, कापायला डाव्या. त्यांचे यजमान जन्मभर लिफ्टदुरुस्तीच्या कामावर होते आणि आता निवृत्त होऊन दुपारभर दुकानाबाहेरच्या खुर्चीत बसत. त्यांना सगळी गल्ली काका म्हणायची. बायको ताई आणि नवरा काका, हे नातं कसं बसवायचं, हा प्रश्न कुणाला पडला नव्हता.

आता कात्रीचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरून झालं.

बाजारात मिळते ती कात्री उजव्या माणसाची. तिचं वरचं पातं उजवीकडे असतं. उजव्या हातात धरली की अंगठा आणि बोटं नकळत दोन्ही पाती एकमेकांवर दाबतात, आणि खडूची रेघ डोळ्यांसमोर राहते. तीच कात्री डाव्या हातात घ्या. बोटं पाती एकमेकांपासून दूर ढकलतात, कापड कापलं जायच्या ऐवजी मधेच दुमडतं, आणि वरचं पातं नेमकं रेघेच्या आड येऊन उभं राहतं. ताईंनी यावर पंधराव्या-सोळाव्या वर्षी स्वतःच तोड काढली होती. अंगठा उलटा आत ओढायचा, मान डावीकडे झुकवून पात्याच्या पलीकडे डोकावायचं आणि कापत सुटायचं. अंगठ्याच्या मुळाशी चिंचोक्याएवढा घट्टा पडला होता. मान थंडीत आखडायची. पण कापलेली कड अशी की उजव्यांनी तोंडात बोटं घालावीत. कुणी वाखाणलं तर म्हणायच्या, "अहो, हा तर माझ्या डाव्या हातचा मळ."

त्यांची मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला होती. एका रविवारी तिनं फोनवर सांगितलं, "आई, अगं, डाव्या हाताच्या वेगळ्या कात्र्या असतात. मोबाइलवरून मागवता येतात."

"वेगळ्या म्हणजे?"

"म्हणजे तुझ्यासाठी केलेल्या."

आपल्यासाठी मुद्दाम काही केलेलं असेल, हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं. आठ दिवस त्यांनी त्या कात्रीचा फोटो दिवसातून चार-चारदा उघडून पाहिला, मोठा केला, लहान केला, किल्लीवाल्याला दाखवला. हा किल्लीवाला शेजारच्या गाळ्यात किल्ल्या करी आणि सुऱ्यांना धार लावी, म्हणजे लोखंडातला जाणकार. तो म्हणाला, "फोटोत काय, सगळंच चकचकीत असतं." तरी त्यांनी मागवली.

डबा आला त्या दिवशी त्यांनी हात साबणानं धुतले. काकांना उठवून बसवलं. जुन्या पडद्याचा तुकडा पसरला, त्यावर खडूनं सरळ रेघ मारली, कात्री डाव्या हातात घेतली. मूठ अगदी हातात बसली, जणू माप देऊन घेतलेली. ताईंचा चेहरा उजळला. त्यांनी पहिला घास घेतला, आणि कापड दुमडलं.

पुन्हा घेतला. पुन्हा तेच. त्यांनी कात्री डोळ्यांजवळ नेली, पाती उघडमीट केली, उलटसुलट पाहिली.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"मूठ तेवढी डावी केली आहे. पाती उजवीचीच. दारावर माझं नाव लिहिलं आणि आत दुसऱ्याचा संसार."

काका म्हणाले, परत पाठवू. पण ताईंचं मन कात्रीपेक्षा जास्त चिरलं होतं. त्यांनी मोबाइल घेतला, चष्मा लावला आणि अर्धा तास एका बोटानं टकटक करत अभिप्राय लिहिला. असा:

"ही कात्री डाव्या हाताची म्हणून विकली आहे. फक्त मूठ डावी आहे. पाती उजव्या हाताचीच आहेत. कापताना रेघ दिसत नाही आणि कापड दुमडतं. विकणारा लबाड आहे, डावखुऱ्यांना कोण विचारतो म्हणून काहीही त्यांच्या गळ्यात मारतो."

खाली एक तारा. शून्य देता येत नव्हता.

काकांनी मोठ्यानं वाचलं. "लबाड जरा जास्त होतंय का गं?"

"कमीच होतंय."

अभिप्राय चढला, आणि ताईंची अपेक्षा नसताना चालला. डावखुरी माणसं कुठे कुठे बसलेली असतात कोण जाणे. पंधरा दिवसांत दीडेकशे जणांनी त्याखाली 'उपयोगी' असं बटण दाबलं. एका शाळामास्तरनं लिहिलं, आभारी आहे, वाचलो. मुलीनं फोन करून सांगितलं, "आई, त्या कात्रीचं पान उघडलं की सगळ्यात वर तूच दिसतेस." ताई दिवसभर जरा ताठ बसल्या.

मग विक्रेत्याचा निरोप आला. "प्रिय ग्राहक, आपला अनुभव सुखद न झाल्याबद्दल दिलगीर आहोत. आपण अभिप्राय बदलून पाच तारे केल्यास संपूर्ण रक्कम परत करू. कात्रीही आपल्याकडेच ठेवावी."

ताईंनी तो तीनदा वाचला. तिसऱ्यांदा त्यांच्या नाकपुड्या फुलल्या.

"बघा, म्हणजे माझ्या तोंडाला कुलूप."

"किल्ली मी करून देतो," शेजारून आवाज आला. किल्लीवाल्याचे कान त्याच्या कानसेपेक्षा तिखट होते. "ताई, घ्या की पैसे. दोन तारे वाढवा, दोन सोडा, मिटवून टाका."

"भाजी आहे का घासाघीस करायला?" ताई म्हणाल्या, आणि त्यांनी उत्तर धाडलं: "माझं मत विकायला ठेवलेलं नाही. तुम्ही कात्री विकायला ठेवली होती, ती आधी नीट विका."

दुसऱ्या दिवशी सकाळी, इस्त्री नुकती तापत होती, तेव्हा फोन वाजला. अनोळखी नंबर. पुरुषाचा आवाज, जरा घोगरा, जरा अडखळता.

"नमस्कार ताई. मी कात्रीवाला बोलतोय. म्हणजे... तो लबाड."

ताईंना रागवावं की हसावं कळेना. त्यांनी आधी इस्त्री उभी केली.

"बोला."

"तो पैसे परत देण्याचा निरोप माझ्या नावानं गेला खरा, पण मी लिहिला नव्हता. वाईट अभिप्राय आला की तो आपोआप जातो, अशी सोय एकानं लावून दिली होती. मी कधी वाचलाही नव्हता. काल तुमचं उत्तर आलं तेव्हा शोधून वाचला. लाज वाटली."

"मग बंद करा ती सोय."

"केली कालच. पण ताई, फोन त्यासाठी नाही केला. एक विचारायचं होतं. रागवू नका. पाती उजवी म्हणजे काय हो?"

ताई चकित झाल्या. "तुम्ही कात्र्या विकता ना?"

"वीस वर्षं. आधी आठवडी बाजारात पथारी टाकून, आता गुडघ्यानं दगा दिला म्हणून घरून. घाऊकवाल्यानं डबा दिला, डब्यावर लिहिलं होतं डाव्या हाताची. मी मूठ बघितली, खरी वाटली. मी उजवा माणूस. त्या हातानं कधी कापूनच पाहिलं नाही."

खोटं बोलणारा माणूस स्वतःचं एवढं अज्ञान उघडं करत नाही, हे ताईंना कळलं. पण राग असा लगेच थोडाच उतरतो! त्या म्हणाल्या, "तोंडानं सांगून कळायचं नाही. दिसलं पाहिजे." मग काकांनी मोबाइल आरशाला टेकवून उभा केला आणि जिन्याखालच्या दोन माणसांची आणि एका खोलीतल्या माणसाची अशी व्हिडिओ कॉलवर शाळा भरली. पलीकडे एक पन्नाशीचा गृहस्थ दिसत होता. मागे भिंतभर पुठ्ठ्याचे डबे, पाय स्टुलावर ठेवलेला.

"एक कात्री घ्या. डाव्या हातात. आता तो शेजारचा फडका कापा."

त्यानं कापायला घेतलं. फडका पात्यांत दुमडून मेलेल्या पाखरासारखा लोंबला. पुन्हा केलं, पुन्हा लोंबला. कात्रीवाल्यानं फडका पात्यांतून सोडवला.

"आणि तुम्ही असं चाळीस वर्षं..."

"एकेचाळीस."

"ताई, तुम्ही मला एक तारा दिलात ते उपकारच केलेत."

फोन ठेवल्यावर काका म्हणाले, "बदलून टाक गं. गरीब बिचारा माणूस आहे."

"बिचारा आहे म्हणून त्याची कात्री कापायला लागली का?"

मुलीनं तर फोनवर बजावलंच, "आई, अजिबात बदलू नकोस. तुझ्या शब्दावर लोक विश्वास ठेवतात. फोनवर गोड बोलला की पाघळलीस असं होऊ देऊ नकोस." मुलीचं बोलणं ताईंना पटलं. पण पटलं तरी रात्रीच्या जेवणात चव लागली नाही, एवढं खरं.

कात्रीवाल्यानं मात्र हातावर हात ठेवून बसणं पसंत केलं नाही. त्यानं त्या कात्रीची विक्री थांबवली, पान तेवढं ठेवलं. मग कात्र्या घडवणारा एक म्हातारा कारागीर गाठला. म्हातारा म्हणाला, पाती उलटी घडवणं अवघड नाही, पण आजवर कुणी मागितलीच नाहीत. कात्रीवाल्यानं ताईंना विचारून पात्याचं माप घेतलं, लांबी घेतली, आणि महिन्याभरानं एक कात्री पाठवली. सोबत हातानं लिहिलेली चिठ्ठी: "ताई, ही भेट समजू नका. तपासायला पाठवली आहे. वाईट असेल तर वाईट म्हणा."

ताईंनी या वेळी हात धुतले नाहीत. डबा उभ्या उभ्याच उघडला. पाती पाहिली आणि त्यांच्या तोंडून "अगंबाई!" निघालं. वरचं पातं डावीकडे होतं. आरशात दिसावी तशी कात्री. मूठ थोडी मोठी होती, पण पाती अस्सल डावी.

पडद्याचा तुकडा आला, खडूची रेघ आली. ताईंनी कापायला घेतलं.

कापड दुमडलं.

काकांना वाटलं, आता ही बाई कात्री भिरकावणार. ताई शांतपणे स्टुलावर बसल्या. पुन्हा कापलं. रेघ सोडून कात्री अर्धा बोट आत शिरली. तिसऱ्यांदा तर कडेला अशी वेडीवाकडी दातरं पडली, की पहिल्या दिवशीच्या शिकाऊ पोरीला त्यांनी त्याबद्दल हाकललं असतं.

"ही पण फसवी?" किल्लीवाला डोकावला.

"नाही," ताई हळूच म्हणाल्या. "ही बरोबर आहे. हात चुकतोय."

झालं होतं असं. एकेचाळीस वर्षं अंगठा उलटा आत ओढायची सवय. उलट्या कात्रीला उलटा जोर, म्हणून काम सुलट व्हायचं. आता कात्री सुलट आली आणि हात तोच जुना जोर लावत होता. जी गोष्ट जन्मभर मिळाली नाही ती मिळाली, तर ती घ्यायला हातच उरला नव्हता. ताई अंगठ्याच्या मुळाशी घट्टा चोळत बसल्या. काकांनी ते पाहिलं आणि चहा आणायला गेले. ते चहा आणायला जात म्हणजे त्यांना सगळं समजलेलं असे.

संध्याकाळी कात्रीवाल्याचा फोन आला. आवाजात आशा लपत नव्हती.

"कशी आहे ताई?"

"भाऊ, मला आज सांगता यायचं नाही. कात्री खरी आहे, पण मला तिनं कापता येत नाही. दोष तिचा की माझा, ते कळेपर्यंत मी काही लिहिणार नाही. चांगलंही नाही आणि वाईटही नाही."

मग तो म्हणाला, "नव्वद दिवसांच्या आत अभिप्राय बदलता येतो. पुढे तो कायमचा राहतो. तुम्हाला घाई करत नाही, फक्त माहीत असावं म्हणून सांगितलं." आणि त्यानंतर त्यानं फोन केला नाही. तीन आठवडे एकदाही नाही. ताईंच्या मनात त्याचं वजन वाढलं ते या न केलेल्या फोनांनी.

त्या तीन आठवड्यांत ताईंनी गिऱ्हाइकाचं काम जुन्या कात्रीनं केलं आणि दुपारी दुकान रिकामं असताना नव्या कात्रीपुढे विद्यार्थिनीसारखं बसायचं असं ठरवलं. घरातले जुने पडदे संपले. काकांचे कामावरचे खाकी शर्ट संपले. काकांनी अंगातला शर्ट धरून विचारलं, "हा राहू देणार का?" अंगठा सैल सोडायचा, हे सांगायला सोपं. ताई मनाशी पुटपुटायच्या, "ओढू नकोस, ओढू नकोस," आणि अंगठा ओढायचाच. पहिला आठवडा असा गेला की त्यांनी कात्री दोनदा डब्यात बंद केली. दुसऱ्या आठवड्यात सरळ रेघ जमली, वळण बिघडायचं. कधीकधी त्यांना वाटे, काय म्हातारपणी हे खूळ.

आणि मग एका दुपारी, एका शर्टाच्या पाठीवर त्यांनी बगलेचं वळण आखलं आणि कापायला घेतलं. अर्ध्यात आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला रेघ दिसते आहे. मान न वाकवता. पांढरी रेघ पात्याच्या कडेला सरळ पुढे पळत होती आणि कात्री तिच्यामागून जात होती, कापडाचा तो बारीक करकर आवाज करत. त्या थांबल्या नाहीत. शर्ट संपला तरी टेबलाच्या कडेपर्यंत हवेत एक घास घेतला.

"अहो," त्यांनी हाक मारली, "इकडे या. माझी मान बघा."

"काय झालं मानेला?"

"सरळ आहे!"

काकांनी वाकून, अगदी वैद्यासारखी, मान पाहिली आणि म्हणाले, "पहिल्यांदाच दिसतेय. बरी आहे."

नव्वदातले चौऱ्याऐंशी दिवस झाले होते. आता निर्णय टाळायला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी ताईंनी मशीनवर झाकण घातलं, चष्मा पुसला आणि आपला जुना अभिप्राय समोर उघडून ठेवला. पाच वाक्यं. लोकांचे कपडे त्या जसे उसवायच्या आधी पारखत, तशी त्यांनी ती एकेक करून पारखली.

पहिलं वाक्य खरं. दुसरं खरं. तिसरं खरं, चौथंही खरं. तशा खोट्या डाव्या कात्र्या इतर दहा जण अजून विकतच होते. ती चार वाक्यं पुसली तर तो शाळामास्तर आणि त्याच्यासारखे आणखी शंभर जण उद्या फसतील. राहिलं पाचवं. विकणारा लबाड आहे. हे त्यांनी कात्रीत पाहिलेलं नव्हतं. हे त्यांनी त्या माणसाच्या मनात शिरून पाहिल्यासारखं लिहिलं होतं, आणि त्याच्या मनात त्या कधी गेल्या नव्हत्या.

तेव्हा त्यांना डॉक्टरीणबाई आठवल्या.

पंचवीसेक वर्षांपूर्वी खालच्या गल्लीतल्या या बाईंनी पडदे शिवायला दिले होते. पहिल्या धुण्यातच ते चार बोटं आखडले. बाईंनी बेकरीच्या रांगेत, भर गर्दीत, सांगितलं की डावरीनं कापड मारलं, चार बोटं स्वतःकडे ठेवून घेतली. शिवणाऱ्या माणसाला याच्याएवढी मोठी शिवी नाही. बातमी वाऱ्यासारखी पसरली. सहा महिने ताईंच्या मशीनवर धूळ बसायची पाळी आली. मुलगी तेव्हा लहान होती, तिनं शाळेतून येऊन विचारलं होतं, "आई, कापड मारणं म्हणजे काय?" पुढे बाईंनी त्याच कापडाचे उशीचे अभ्रे शिवले, तेही आखडले, तेव्हा त्यांना उमगलं. त्या आल्या, याच जिन्याखाली वाकून आत आल्या, हात धरून माफी मागितली, रडल्यासुद्धा. ताईंनी पाणी दिलं, माफ केलं, मनापासून केलं. पण बाई बेकरीच्या रांगेत परत काही बोलल्या नाहीत. चूक चारचौघांत झाली आणि माफी जिन्याखाली. कितीतरी वर्षं ताई पाव आणायला लांबच्या बेकरीत जात होत्या.

त्या कात्रीवाल्याला फोन करून सांगू शकत होत्या, भाऊ, तुम्ही लबाड नाही. त्याला बरं वाटलं असतं. पण ती जिन्याखालची माफी झाली असती. शब्द जिथे टाकला तिथूनच उचलायला हवा.

काका खुर्चीतून बघत होते. न राहवून म्हणाले, "सगळंच पुसून नवीन का लिहीत नाहीस? सरळ काम."

"पुसलं तर मी ते बोललेच नव्हते असं होईल. बोलले होते मी."

त्यांनी एका बोटानं लिहायला घेतलं. पाऊण तास लागला. दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना त्यांनी स्टुलावर बसवून ठेवलं. झालं ते असं:

"आधी घेतलेल्या कात्रीची फक्त मूठ डावी होती, पाती उजवी. ते लिहिलं होतं ते तसंच आहे. कुणीही डावी कात्री घेताना वरचं पातं डावीकडे आहे ना, हे बघून घ्या. तेव्हा मी विकणाऱ्याला लबाड म्हटलं होतं. ते चुकीचं होतं. त्यांना माहीत नव्हतं, कळल्यावर त्यांनी ती कात्री विकणं बंद केलं. तो शब्द मी सगळ्यांसमोर मागे घेते. आता त्यांनी नवी कात्री करवून घेतली आहे, ती खरी डावी आहे. ती मला तपासायला दिली होती, मी पैसे दिलेले नाहीत, हेही सांगते. जे जुन्या कात्रीनं कापत आले आहेत त्यांचा हात पहिल्या आठवड्यात चुकेल. कात्रीला दोष देऊ नका, तीन आठवडे द्या. मूठ जरा मोठी आहे, बायकांच्या हाताला लहान हवी."

मग त्यांनी तारे मोजले. एक, दोन, तीन, चार. बोट पाचव्यापाशी थांबलं आणि मागे आलं.

"चारच?" खांद्यावरून वाकून बघणाऱ्या किल्लीवाल्यानं विचारलं. "एवढं छान लिहिलंत आणि एक तारा तोडलात?"

"तुम्ही अकलेचे तोडता तसा नाही तोडला," ताई म्हणाल्या आणि बटण दाबलं.

तासाभरात कात्रीवाल्याचा फोन आला. ताईंनीच आधी विचारलं, "वाचलंत का?"

"बायकोला वाचून दाखवलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं." मग तो म्हणाला, "पण ताई, एक विचारू? एक तारा कुठे राहिला?"

"मुठीत अडकलाय. मूठ लहान करून आणा, काढून देते."

तो इतका हसला की बाहेर खुर्चीत काकांना ऐकू गेलं.

लहान मुठीच्या कात्र्या यायला पुढे दोन महिने लागले. दहा कात्र्यांचा पहिला डबा त्यानं विक्रीला लावण्याआधी ताईंकडे पाठवला. त्यांनी दहाही पडद्यावर चालवून पाहिल्या, दोन नापास केल्या, एक रीतसर विकत घेतली आणि बाकीच्या परत धाडल्या. अभिप्राय बदलायची मुदत तोवर उलटली होती, त्यामुळे तो पाचवा तारा द्यायचा राहूनच गेला. याबद्दल कात्रीवाला त्यांना अधूनमधून टोमणा मारतो. त्या म्हणतात, उधारी असू द्यावी, माणसं बोलत राहतात.

दोन कात्र्या कशाला, म्हणून मोठ्या मुठीची त्यांनी घरी नेली आणि स्वयंपाकघरात खिळ्याला टांगली. परवा काकांनी तिनं बिस्किटाचा पुडा कापायला घेतला. कागद दुमडला, बिस्किटं भुगा झाली, पुडा तसाच.

"ही कसली भिकार कात्री!" काका ओरडले. "कुठे लिहितात ते दाखव मला. मी एक तारा देणार आहे!"

"द्या की," ताई आतून म्हणाल्या. "फक्त आधी कोणत्या हातात धरली आहे ते लिहा."

काकांनी हाताकडे पाहिलं. मग कात्री डाव्या हातात घेऊन त्यांनी जीभ बाहेर काढून, फार मन लावून, पुडा कापायला सुरुवात केली. ताई दारात उभ्या राहून बघत होत्या. मधेच म्हणाल्या, "अंगठा सैल सोडा, अहो. ओढू नका." आणि उरलेली बिस्किटं वाचवण्यासाठी पुढे झाल्या.